मुदतीचा ताप, मुदतीचे औषध

मराठीत टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ असे नाव आहे. ताप पायरीपायरीने चढायचा, तीन आठवडे ठाण मांडायचा आणि मुदत भरली की उतरायचा. नाही उतरला तर रोगी दगावायचा. न्यूमोनियाचीही अशीच मुदत ठरलेली असे. साधारण सातव्या ते नवव्या दिवशी दरदरून घाम फुटून ताप एकाएकी खाली आला की रोगी वाचला असे समजत. डॉक्टर त्याला ‘क्रायसिस’ म्हणत, आणि घरची माणसे त्या दिवसाची वाट पाहत उशाशी बसून राहत. औषधे दिली जात, पण त्यांना मुदत नव्हती, कारण दुखण्याची मुदत बदलील असे औषधच हाती नव्हते.

१९४० नंतरच्या दहा वर्षांत ही गोष्ट उलटी झाली. प्रतिजैविके आली, दुखण्याची मुदत मोडली, आणि औषधाला मुदत चिकटली. पाच दिवसांचा कोर्स, सात दिवसांचा, दहा दिवसांचा, चौदा दिवसांचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपण हे आकडे इतक्या वेळा पाहतो की ते निसर्गनियमासारखे वाटू लागतात. ‘बरे वाटले तरी कोर्स पुरा करा’ हे वाक्य आपण वर्गातही सांगतो. हे आकडे आले कोठून? कोणी मोजले? मोजले नसतील, तर चुकीच्या आकड्याची किंमत कोण देतो? या लेखात आपण या आकड्यांचा इतिहास पाहू. घशाच्या दुखण्यापेक्षा जेथे चूक जिवावर बेतते, त्या अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या रोग्याकडे आपला रोख राहील.

‘जखम सेप्टिक झाली’ हा शब्दप्रयोग आपल्या खेड्यापाड्यांतही रुळलेला आहे. मूळ शब्द ग्रीक, अर्थ सडणे, कुजणे. हिपोक्रेटिसच्या काळापासून तो वैद्यकात आहे. आज मात्र सेप्सिसचा अर्थ नुसते सडणे किंवा रक्तात जंतू असणे इतकाच राहिलेला नाही. २०१६ साली मान्य झालेल्या व्याख्येप्रमाणे, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद अनावर होऊन स्वतःच्याच अवयवांना जिवावर बेतणारी इजा करू लागतो, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणायचे. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते, फुप्फुसांत पाणी झिरपते, रोगी भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. २०१७ या एका वर्षात जगभरात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रोगी आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज तीन वर्षांनी प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यातून निघतो. सेप्सिसमध्ये दोन वेगळ्या घटना घडत असतात. एक जंतूंची वाढ, दुसरी शरीरातले वादळ. प्रतिजैविक फक्त पहिलीवर चालते. जंतू मेले तरी वादळ लगेच शमत नाही. म्हणजे सातव्या दिवशीही ताप असलेल्या रोग्याच्या अंगात जिवंत जंतू उरले आहेत की नाहीत, हे तापावरून कळत नाही.

आता १९४१ सालच्या ऑक्सफर्डला जाऊ. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली बुरशीच्या बशीत दिसलेले पेनिसिलिन हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांच्या गटाने तेथे वेगळे केले होते आणि उंदरांवर यशस्वी ठरवले होते. रॅडक्लिफ इन्फर्मरी या इस्पितळात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई महिनोन् महिने झिजत पडला होता. गुलाबाचा काटा लागून त्याचे दुखणे सुरू झाले, ही गोष्ट पुस्तकापुस्तकांतून सांगितली जाते. बाँबहल्ल्यात झालेल्या जखमेपासून ते सुरू झाले, असे पुढे त्याच्या घरच्यांकडून पुढे आले आणि तेच अधिक संभवनीय वाटते. सुरुवात कशीही असो, स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस या जंतूंनी त्याचा चेहरा, डोके, खांदा आणि फुप्फुसे व्यापली होती. एक डोळा काढून टाकावा लागला होता. सल्फा औषधाने काही साधले नव्हते.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. चार्ल्स फ्लेचर यांनी त्याला पेनिसिलिनची पहिली मात्रा शिरेतून दिली आणि नंतर दर तीन तासांनी देत राहिले. दिवसभरातच फरक दिसला. ताप उतरला, पू आटू लागला, भूक लागली. पण पेनिसिलिन मूत्रपिंडातून भराभर बाहेर पडते आणि साठा तर मूठभरसुद्धा नव्हता. म्हणून रोग्याची लघवी साठवायची, सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन परत काढायचे आणि पुन्हा त्यालाच टोचायचे, असा उद्योग चालला. पाच दिवसांत एकूण ४.४ ग्रॅम औषध गेले आणि साठा संपला. ते औषध शुद्धही नव्हते. आज गंभीर संसर्गात शुद्ध पेनिसिलिन एका दिवसात याहून अधिक दिले जाते. काही दिवस शिपायाची प्रकृती टिकून राहिली. मग फुप्फुसातला संसर्ग पुन्हा उफाळला आणि १५ मार्च रोजी तो वारला.

वैद्यकाच्या आठवणीत ही घटना खोल रुतून बसली. पुरेसे दिवस औषध मिळाले नाही म्हणून रोगी गेला, असा तिचा अर्थ लावला गेला, आणि त्या रोग्यापुरता तो बरोबरच होता. ऑक्सफर्डच्या मंडळींनी यानंतर मुलांची निवड केली, कारण लहान शरीराला औषध कमी पुरते.

वर्षभराने, मार्च १९४२ मध्ये, अमेरिकेत न्यू हेवन येथे अ‍ॅन मिलर ही ३३ वर्षांची स्त्री गर्भपातानंतर स्ट्रेप्टोकॉकसच्या सेप्सिसने महिनाभर तापाने फणफणत होती. तिला पेनिसिलिन मिळाले आणि एका रात्रीत ताप उतरला. त्यासाठी अमेरिकेतला त्या वेळचा निम्मा साठा खर्ची पडला. अ‍ॅन मिलर १९९९ सालापर्यंत, वयाच्या नव्वदीपर्यंत जगल्या.

युद्धाच्या काळात औषध इतके दुर्मीळ होते की अमेरिकेत नागरी रोग्यांपैकी कोणाला ते द्यायचे हे ठरवायला बोस्टनच्या डॉ. चेस्टर कीफर यांची समिती होती. अशा वेळी कोणी ‘दहा दिवस द्या’ म्हणणे शक्यच नव्हते. डॉक्टर रोग्याकडे पाहून औषध देत. बोस्टनमध्ये मॅक्सवेल फिनलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली न्यूमोनियाच्या रोग्यांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची रीत साधी होती. स्पष्ट उतार दिसेपर्यंत औषध द्यायचे आणि त्यानंतर आणखी दोन-तीन दिवस. बहुतेकांचे काम थोडक्या दिवसांत भागले. म्हणजे प्रतिजैविकाचा पहिला ‘कोर्स’ रोग्यागणिक वेगळा होता आणि तो आजच्या मानाने आखूड होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मग दिवस वाढले कसे? एक कारण उघड आहे. औषध मुबलक झाले. आपल्याकडेच पाहा. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि १९५५ साली तेथून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. जे औषध चौदा वर्षांपूर्वी लघवीतून गाळून परत वापरावे लागत होते, ते आता शहराच्या वेशीवर तयार होत होते. काटकसरीचे कारण उरले नाही की हात सैल होतो, हे औषधाच्या बाबतीतही खरे असावे, असे आम्हांला वाटते.

पण नुसत्या मुबलकतेवर सगळे ढकलता येणार नाही. काही आजारांत आखूड उपचार खरोखरच फसले होते, आणि ते अनुभव बोलके होते.

पहिला अनुभव मुदतीच्या तापाचाच. १९४८ साली मलायात, क्वालालंपूर येथे, काम करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या तुकडीने टायफॉइडच्या दहा रोग्यांना क्लोरोमायसेटिन दिले. तुकडी गेली होती वेगळ्याच तापाचा अभ्यास करायला. टायफॉइडचा ताप तीन-चार दिवसांत उतरला. तीन आठवड्यांची मुदत तीन दिवसांवर आली! पण काही रोग्यांचा ताप उलटला. टायफॉइडचे जंतू पेशींच्या आत दडून बसतात आणि औषध थांबले की पुन्हा बाहेर पडतात. म्हणून उपचार लांबवावे लागले.

दुसरा अनुभव हृदयाच्या झडपांचा. झडपेवर जंतूंची वस्ती झाली की तिच्याभोवती रक्ताच्या गुठळ्यांचा थर जमतो. तेथे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, जंतू सुस्तपणे वाढतात, आणि पेनिसिलिन तर वाढत्या जंतूवरच चांगले चालते. थोडके दिवस औषध देऊन पाहिलेले रोगी पुन्हा आजारी पडले. आज तेथे चार ते सहा आठवडे उपचार लागतात आणि त्याबद्दल फारसा वाद नाही.

तिसरा अनुभव घशाचा. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या फोर्ट वॉरन या लष्करी तळावर चार्ल्स रॅमेलकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवानांवर अभ्यास केला. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसवर पेनिसिलिन दिले तर नंतर येणारा संधिवाताचा ताप टळतो, हे त्यांनी १९५० साली दाखवले. या तापात सांधे काही दिवस सुजतात आणि बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. घशातून जंतूचा पुरता नायनाट व्हायला सुमारे दहा दिवस लागतात असे दिसले, आणि ‘दहा दिवस’ हा आकडा पुस्तकात गेला. हा आकडा मोजून आलेला आहे, पण त्यामागचा हेतू विसरला गेला. तो घसा बरा करण्याचा आकडा नव्हता, हृदय वाचवण्याचा होता.

आणि चौथा, सर्वांत प्रभावी अनुभव क्षयाचा. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनची १०७ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांअखेर औषध घेतलेल्यांची स्थिती स्पष्टपणे चांगली होती. पण पुढे त्यांच्या थुंकीत औषधाला दाद न देणारे जंतू सापडू लागले आणि पाच वर्षांनंतरचा हिशेब मांडला तेव्हा दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता. याचे गणित वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू आहेत असे धरा. त्यांतला दहा लाखांत एक जन्मतःच एका औषधाला दाद न देणारा आहे असे धरा. म्हणजे औषधाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच शंभर जंतू तयार आहेत. एकटे औषध बाकीच्यांना मारते आणि या शंभरांना मोकळे रान देते. दुसऱ्या औषधालाही असाच दहा लाखांत एक दाद देत नसेल, तर दोन्हींतून सुटणारा जंतू एक लाख कोटींत एक, म्हणजे त्या पोकळीत बहुधा एकही नाही. म्हणून क्षयाला अनेक औषधे एकत्र आणि, जंतू अतिशय सावकाश वाढत असल्याने, महिनोन् महिने. मद्रासच्या केंद्राने १९५९ साली दाखवले की वर्षभराची औषधे नियमित मिळाली तर घरी राहूनही रोगी सॅनिटोरियमइतकाच बरा होतो. पुढे रिफॅम्पिसिनमुळे हा काळ सहा महिन्यांवर आला.

क्षयाबाबत ‘कोर्स पुरा करा’ हा उपदेश शंभर टक्के खरा आहे. घोटाळा झाला तो असा की क्षयासाठी खरा असलेला नियम सगळ्याच जंतूंना लावला गेला.

त्यात फ्लेमिंग यांच्या शब्दाचे वजन पडले. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. फ्लेमिंग यांचा रोख अपुऱ्या मात्रेवर होता. एका वेळी थोडके औषध घेणे आणि थोडे दिवस औषध घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोकांनी, आणि डॉक्टरांनीही, पुढे त्या एकच समजल्या.

आता जंतूंच्या बाजूने पाहू. आपल्या आतड्यात, त्वचेवर, घशात अब्जावधी जंतू एरवी निरुपद्रवी राहतात. अतिदक्षता विभागात त्रास देणारे एश्चेरिकिया कोलाय, क्लेबसिएला, स्टॅफिलोकॉकस यांच्यासारखे जंतू याच वस्तीत असतात. फुप्फुसाच्या संसर्गासाठी औषध दिले तरी ते रक्ताबरोबर सगळीकडे जाते आणि या वस्तीवरही पडते. दाद देणारे मरतात, न देणारे जागा बळकावतात. औषध जितके दिवस चालू, तितके दिवस ही निवड चालू. म्हणजे क्षयात उपचार अर्धवट सोडल्याने प्रतिरोध वाढतो, तर येथे विनाकारण लांबवल्याने वाढतो. नियम एकच आहे, डार्विनचाच, पण निष्कर्ष उलटा निघतो. शिवाय आतड्यातली नेहमीची वस्ती उजाड झाली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिले हा जंतू माजून जीवघेणी हगवण लागू शकते, हे १९७८ साली सिद्ध झाले. शिरेत आणि मूत्रमार्गात नळ्या, श्वसनासाठी यंत्र, अशा स्थितीत महिनाभर पडलेल्या रोग्याला दुसरा संसर्ग होतो तो बहुधा पहिल्या औषधाने निवडून ठेवलेल्या जंतूंचा. भारतातल्या अतिदक्षता विभागांत कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही न जुमानणारे क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडणे आज नवलाचे राहिलेले नाही.

मग सेप्सिसला सात किंवा चौदा दिवस हे कोणी ठरवले? कोणीच नाही. अमेरिकन डॉक्टर ब्रॅड स्पेलबर्ग यांनी २०१६ साली गमतीने म्हटले की हे आकडे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ठरवले. इ. स. ३२१ मध्ये त्याने फर्मान काढून रविवार सुट्टीचा केला आणि सात दिवसांच्या आठवड्यावर राजमुद्रा उमटली. तेव्हापासून आपण एक आठवडा किंवा दोन आठवडे औषध देतो! आठवड्याला चार दिवस असते तर कोर्स चार आणि आठ दिवसांचे झाले असते. यात आमची एक भर. मराठीत सात दिवसांना आपण आठवडा म्हणतो आणि चौदा दिवसांना पंधरवडा. फ्रेंच लोकही बोलताना आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि पंधरवड्याला ‘पंधरा दिवस’ म्हणतात. आणि योगायोग पाहा, या प्रश्नावरची पहिली मोठी चाचणी फ्रान्समध्ये झाली, तिने तुलना केली ती आठ आणि पंधरा दिवसांची. यामागे भाषाच होती असा आमचा दावा नाही.

ही चाचणी झ्यां शास्त्र आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. फ्रान्समधल्या ५१ अतिदक्षता विभागांतले, श्वसनयंत्रावर असताना न्यूमोनिया झालेले ४०१ रोगी. कोणाला ८ दिवस आणि कोणाला १५ दिवस, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. आठ दिवसवाल्यांत १८.८ टक्के दगावले, पंधरा दिवसवाल्यांत १७.२ टक्के. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. ज्यांना पुन्हा न्यूमोनिया झाला त्यांच्यापैकी अनेक औषधांना दाद न देणारे जंतू आठ दिवसवाल्यांत ४२ टक्क्यांकडे निघाले, पंधरा दिवसवाल्यांत ६२ टक्क्यांकडे. सगळेच गोड नव्हते. स्यूडोमोनाससारख्या चिवट जंतूंचा गट वेगळा काढला तर आठ दिवसांनंतर संसर्ग उलटण्याचे प्रमाण जास्त होते, ४०.६ टक्के विरुद्ध २५.४ टक्के. म्हणजे ‘आखूड तेच बरे’ असे सरसकट म्हणता येत नव्हते.

पोटातल्या संसर्गाचा प्रश्न २०१५ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ५१८ रोग्यांवर तपासला गेला. शस्त्रक्रियेने पू काढून, फुटलेले आतडे शिवून झाल्यावर सुमारे चारच दिवस औषध दिले, तरी परिणाम आठ दिवसांइतकाच राहिला. गळू कापल्याशिवाय बरे होत नाही हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. पू आत ठेवून औषधाचे दिवस वाढवत राहण्याला अर्थ नाही, हे त्याचेच दुसरे रूप.

पण रक्तातच जंतू सापडले असतील तर? तेथे हात कापतो. या प्रश्नावरची सर्वांत मोठी चाचणी ‘बॅलन्स’ नावाने कॅनडातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन केली. ती २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सात देशांतली ७४ इस्पितळे, ३,६०८ रोगी, त्यांतले ५५ टक्के निवडीच्या वेळी अतिदक्षता विभागात. सात दिवस की चौदा, हे चिठ्ठीने ठरवले. ९० दिवसांत सात दिवसवाल्यांपैकी १४.५ टक्के आणि चौदा दिवसवाल्यांपैकी १६.१ टक्के मृत्यू पावले.

येथे थोडे थांबून चाचणीची रीत समजून घेऊ. नवे औषध जुन्यापेक्षा चांगले आहे का, असा प्रश्न आपण नेहमी ऐकतो. येथे प्रश्न वेगळा आहे. आखूड उपचार चांगला असण्याची गरज नाही, तो वाईट नसला म्हणजे झाले. पण ‘वाईट नाही’ हे सिद्ध कसे करणार? फरक अजिबात नाही हे कोणतीही मोजणी दाखवू शकत नाही, कारण प्रत्येक मोजणीत चुकीला वाव असतो. म्हणून आधीच एक रेघ मारून ठेवतात. ‘बॅलन्स’ने ठरवले होते की आखूड उपचारातले मृत्यू शेकडा चारपेक्षा अधिक वाढत नाहीत, एवढी खात्री पटली तर तो मान्य करायचा. शेकडा चार मृत्यू म्हणजे किरकोळ गोष्ट आहे का, असे कोणीही विचारील, आणि विचारावेच. रेघ एकावर मारली असती तर रोगी कैक पटींनी जास्त लागले असते आणि उत्तर मिळायला आणखी एक पिढी गेली असती. प्रत्यक्षात आकडे या रेघेच्या बरेच अलीकडे आले. सांख्यिकी शिकवणाऱ्या शिक्षकांना नमुन्याचा आकार का महत्त्वाचा असतो हे सांगायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

या चाचणीतला आणखी एक आकडा आम्हांला फार बोलका वाटतो. सात दिवसांच्या गटातल्या सुमारे २३ टक्के रोग्यांना डॉक्टरांनी ठरल्यापेक्षा जास्त दिवस औषध दिले. चाचणीत सहभागी होऊन, प्रश्न खुला आहे हे मान्य करूनही, आठव्या दिवशी औषध बंद करायला मन धजत नाही. त्यात मूर्खपणा नाही. समोर ताप असलेला माणूस आहे. औषध चालू ठेवून बिघडले तर रोगाने बिघडले म्हणतात, बंद करून बिघडले तर डॉक्टरने. पाचव्या खाटेवरच्या रोग्याला तीन आठवड्यांनी होणारा हट्टी जंतूचा संसर्ग आज कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

मग शरीरातले वादळ आणि जंतू वेगळे ओळखता येतील असे काही मोजता येईल का? प्रोकॅल्सिटोनिन नावाचा पदार्थ या कामी वापरून पाहिला जातो. एरवी तो थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन या संप्रेरकाची पहिली पायरी म्हणून तयार होतो. जीवाणूंच्या गंभीर संसर्गात मात्र शरीरातल्या अनेक ऊती तो रक्तात सोडतात, हे १९९३ साली फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले. संसर्ग आटोक्यात आला की त्याची पातळी रोज साधारण निम्म्याने उतरते. नेदरलंड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पातळी सर्वोच्च बिंदूपासून ८० टक्क्यांनी उतरली किंवा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत आली की औषध थांबवण्याचा सल्ला दिला. औषधाचे दिवस सातावरून पाचावर आले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमी दिसले. ब्रिटनमध्ये ४१ अतिदक्षता विभागांतल्या २,७६० सेप्सिस रोग्यांवरची चाचणी २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तेथे फायदा मोजकाच निघाला. दिवस १०.७ वरून ९.८ वर आले, म्हणजे एक दिवससुद्धा पुरता वाचला नाही. २८ दिवसांतले मृत्यू २०.९ आणि १९.४ टक्के होते, आधी मारलेल्या रेघेच्या आत. रोज रक्त काढून महागडी तपासणी करायची आणि एक दिवस वाचवायचा, हे आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयाला कितपत परवडेल, हा प्रश्न उरतोच.

त्या दृष्टीने २०२४ सालचीच आणखी एक चाचणी आपल्याला जवळची आहे. नेपाळ, थायलंड आणि सिंगापूर येथल्या अतिदक्षता विभागांत, श्वसनयंत्रावरच्या न्यूमोनियाच्या ४६१ रोग्यांवर ती झाली. एका गटात ताप उतरून आणि रक्तदाब स्थिरावून दोन दिवस झाले की औषध बंद, जास्तीत जास्त सात दिवस. दुसऱ्यात नेहमीप्रमाणे आठ किंवा अधिक. मृत्यू किंवा संसर्ग उलटणे, दोन्ही मिळून, ४१ आणि ४४ टक्के. ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस, ही रीत वाचकांच्या ओळखीची वाटेल. १९४५ साली बोस्टनचे डॉक्टर जवळजवळ हेच करीत होते.

वर्गात काय सांगायचे, असा प्रश्न येथे शिक्षक विचारतील. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही ब्रिटिश डॉक्टरांनी ‘कोर्स पुरा करा’ हा संदेशच मागे घ्यावा असे लिहिले, तेव्हा बराच गदारोळ झाला. आमच्या मते वाक्यातला एकच शब्द बदलला तरी पुष्कळ होईल. ‘पाकीट संपेपर्यंत’ याऐवजी ‘डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस’. क्षयाच्या रोग्याने एकही दिवस चुकवायचा नाही, घशाच्या दहा दिवसांमागे हृदय आहे, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने औषध सोडायचे नाही, डॉक्टरला विचारायचे. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवणे तर नकोच. औषधाच्या पाकिटावर मागे उभी लाल रेघ दिसते तिच्याविषयी केंद्र सरकारने २०१६ साली मोहीम काढली होती. तशी रेघ असलेली चार पाकिटे मुलांना घरून आणायला सांगितली तर या विषयावर एक तास चांगला रंगतो.

शेवटी, ‘बॅलन्स’च्या दाराबाहेर कोण राहिले हेही पाहायला हवे. हृदयाच्या झडपेवर किंवा हाडात संसर्ग असलेले, पू न निघालेले, प्रतिकारशक्ती फार खालावलेले रोगी त्यात घेतलेच नव्हते. आणि रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडलेले रोगीही नव्हते. हा जंतू रक्तातून जाऊन हाडात, झडपेत, मणक्यात घर करतो आणि आठवड्यांनंतर पुन्हा उठतो. ऑक्सफर्डच्या त्या शिपायाच्या अंगात मुख्यतः होता तो स्टॅफिलोकॉकसच. त्याच्यासाठी निदान चौदा दिवस, आणि तो कोठे रुतून बसला असेल तर चार ते सहा आठवडे, हीच रीत आजही चालू आहे. त्याहून कमी दिवस पुरतील का, हे तपासायला आता कोठे सुरुवात झाली आहे.